विश्लेषण : नोकरीआधीची पार्श्वभूमी तपासणी ‘बॉट’च्या हाती, सेमाडोहच्या उमेदवाराला यंत्र ओळखेल का?

परतवाड्याहून धारणीकडे जाताना सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागते. पर्यटकांना हे गाव मेळघाट व्याघ्र प्रकल्पातल्या निसर्ग संकुलामुळे माहीत आहे. या गावातला बारावी झालेला एखादा तरुण पुण्या-मुंबईत सुरक्षारक्षक, गोदाम कामगार किंवा डिलिव्हरी बॉय म्हणून लागायला जातो, तेव्हा त्याचे नाव, पत्ता, शिक्षण आणि ‘गुन्हेगारी पार्श्वभूमी’ तपासली जाते. फोन करणारे, कागद चाळणारे आणि दारापर्यंत जाणारे लोक आतापर्यंत हे काम करत. आता त्यातला मोठा वाटा संगणकी ‘बॉट’ उचलू लागले आहेत. काही दिवसांचे काम काही तासांत होते, खर्च कमी होतो. पण यंत्राने ‘जुळले’ किंवा ‘जुळले नाही’ असा शेरा मारला, की त्यापुढे माणसाने पाहायचे की नाही, यावर त्या तरुणाची नोकरी ठरते.

‘रोबोट’ म्हणजे नेमके काय?

इथे हात-पाय असलेला यंत्रमानव नाही. ‘रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन’ म्हणजे कारकुनाने संगणकावर केलेली ठरावीक कामे त्याच क्रमाने करणारा प्रोग्राम. संकेतस्थळ उघडणे, नाव टाकणे, आलेली यादी उतरवून घेणे, दुसऱ्या तक्त्यात भरणे, जुळते का ते पाहणे आणि अहवाल पाठवणे ही ती कामे. बँका आणि विमा कंपन्यांनी ही पद्धत आधीच स्वीकारली आहे. पार्श्वभूमी तपासणीचा धंदा तिला अगदी सोयीचा पडतो, कारण त्यातले बहुतेक काम हेच आहे.

उमेदवाराने आधार, गुणपत्रिका, जुन्या नोकरीचे पत्र मोबाईलवरून पाठवले, की यंत्र आधी त्यातला मजकूर वाचते. मग पॅनवरचे नाव आणि आधारवरचे नाव ताडते. डिजिलॉकरमधून गुणपत्रिका मागवते. भविष्य निर्वाह निधीच्या खाते क्रमांकावरून आधीच्या नोकऱ्यांचा काळ तपासते. न्यायालयांच्या ‘ई-कोर्ट्स’ नोंदींत नाव शोधते. शेवटी हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा देते. अलीकडे यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. नुसता साचेबद्ध बॉट ‘नाव तंतोतंत जुळते का’ एवढेच पाहतो, तर नवी प्रणाली ‘साधारण जुळते का’ याचा अंदाज बांधते. खरी गोम या ‘साधारण’ शब्दात आहे.

ही तपासणी सुरू कशी झाली?

त्याचे धागे पुण्यात सापडतात. एप्रिल २००५ मध्ये पुण्यातल्या एका बीपीओमधील माजी कर्मचाऱ्यांनी अमेरिकी बँकेच्या ग्राहकांच्या खात्यांतून पैसे वळवल्याचे प्रकरण उघडकीस आले. परदेशी ग्राहकांनी विचारायला सुरुवात केली, की तुमच्याकडे माणसे नेमताना कोण काय तपासते? पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, ‘नॅसकॉम’ने माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील कर्मचाऱ्यांसाठी राष्ट्रीय कौशल्य नोंदवही सुरू केली. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातच एका बीपीओतील तरुणीची कामावर नेणाऱ्या कॅबच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने अत्याचार करून हत्या केली. त्यानंतर तपासणी संगणकापुढे बसणाऱ्यांपुरती राहिली नाही, चालक आणि कंत्राटी कामगारांपर्यंत आली. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीतील उबर प्रकरणात चालकाकडचा चारित्र्याचा दाखलाच बनावट असल्याचे पोलिसांनी सांगितले. म्हणजे दाखला असून भागत नाही, दाखल्याचीही तपासणी हवी, हे तेव्हा सगळ्यांना कळले.

सुरक्षारक्षकांच्या बाबतीत तर हे कायद्यातच आहे. खासगी सुरक्षा एजन्सी नियमन कायदा, २००५ नुसार रक्षकाच्या चारित्र्याची व पूर्वेतिहासाची खात्री करून घेतल्याशिवाय त्याला नेमता येत नाही. केंद्राने २०२० मध्ये आणलेल्या नमुना नियमांनी त्यासाठी पोलिसांच्या ‘सीसीटीएनएस’सारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदींचा मार्गही खुला केला. मेळघाटातून शहरात जाणाऱ्या मुलांना मिळू शकणाऱ्या पहिल्या पगारी नोकऱ्यांत सुरक्षारक्षकाची नोकरी येते, त्यामुळे हा नियम त्यांना थेट लागतो.

वाघ ओळखता येतो, मग माणूस का नाही?

सेमाडोहच्या परिसरात ‘हा तोच का?’ या प्रश्नाचे उत्तर संगणक बऱ्याच वर्षांपासून देत आहे. तो प्रश्न मात्र वाघांबद्दलचा आहे. कॅमेरा ट्रॅपने टिपलेल्या छायाचित्रांतून आधी प्राण्यांची जात वेगळी काढणारी आणि मग पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखणारी प्रणाली व्याघ्रगणनेत वापरली जाते. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि वन्यजीवांची ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे मिळाली. त्यातली ७६,६५१ वाघांची होती. त्यांतून २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखण्यात आले. हाताने हे काम करायला किती वर्षे लागली असती, याचा विचारच करवत नाही.

पण वाघाचे पट्टे एकमेव असतात. एका वाघाचे पट्टे दुसऱ्याशी जुळत नाहीत. माणसाच्या नावाचे तसे नाही. मेळघाटात कास्देकर, बेठेकर, जांभेकर, मावस्कर, भिलावेकर, दारसिंबे ही कोरकू आडनावे गावोगाव आढळतात. पहिले नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही सारखे असलेले दोघे जण एकाच तालुक्यात असू शकतात. त्यात लिपीचा घोळ. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिच्यातली नावे शाळेत दाखल करताना गुरुजी आपल्या कानाने मराठीत लिहितात, आधार काढताना ऑपरेटर त्याचे रोमन करतो, बँकेत तिसराच कुणी तिसऱ्या तऱ्हेने टंकतो. ‘कास्देकर’ रोमनमध्ये लिहिताना ‘स’नंतर ‘ए’ येतो की नाही, यावरून एकाच माणसाची दोन नावे होतात. पॅनवर वडिलांचे नाव पूर्ण, गुणपत्रिकेवर फक्त आद्याक्षर, असेही होते. न्यायालयांच्या नोंदी कधी मराठीत तर कधी इंग्रजीत असतात.

इथे बॉटपुढे दोनच वाटा उरतात. तंतोतंत जुळणी मागितली, तर खऱ्या माणसाची खरी कागदपत्रे ‘जुळत नाहीत’ म्हणून अडतात. सैल जुळणी ठेवली, तर दुसऱ्याच कुणाचा खटला याच्या नावावर येतो. किती सैल ठेवायचे, हा आकडा कंपनीत बसलेला कुणी तरी ठरवतो. तो ठरवताना त्याच्या डोळ्यापुढे कोरकू नावे असण्याची शक्यता फारशी नाही.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत सर्जिओ रामिरेझ नावाचा ग्राहक २०११ मध्ये मोटार घ्यायला गेला, तेव्हा ‘ट्रान्सयुनियन’ या पतअहवाल कंपनीच्या यंत्रणेने त्याला दहशतवादी आणि अमली पदार्थ तस्करांच्या सरकारी यादीतल्या संभाव्य नावाशी जोडले. तिथे जुळणी फक्त पहिल्या नावाची आणि आडनावाची होती. असा चुकीचा शेरा पडलेल्यांची संख्या ८,१८५ निघाली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जून २०२१ मध्ये निकाल लागला. ज्यांचा अहवाल प्रत्यक्ष कुणा व्यावसायिकाकडे गेला होता, त्यांनाच दाद मागता येईल, असे न्यायालयाने म्हटले. बाकीच्यांच्या वाट्याला काही आले नाही.

‘पत्ता पडताळता आला नाही’ म्हणजे काय?

पूर्वी कंपनीचा माणूस मोटारसायकल काढून गावात यायचा. घर क्रमांक नसला तरी किराणा दुकानात, अंगणवाडीत किंवा पोलीस पाटलाकडे विचारायचा. ‘अमक्याचा मुलगा का? तो नदीकडच्या ढाण्यात राहतो,’ एवढ्यावर काम भागायचे. नव्या पद्धतीत उमेदवाराच्याच मोबाईलवर एक लिंक येते. घरी उभे राहून ती उघडायची, दाराचा फोटो काढायचा, जीपीएसने ठिकाण टिपायचे आणि पाठवायचे. शहरात हे दोन मिनिटांत होते. मेळघाटात अनेक गावांत आजही मोबाईलचे नेटवर्क धड नाही. लिंकची मुदत संपते आणि अहवालात ‘उमेदवाराने प्रतिसाद दिला नाही’ असे उमटते.

(सेमाडोहच्या पुढेच हरिसाल आहे. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २०१६ मध्ये ज्याचा ‘डिजिटल गाव’ म्हणून गाजावाजा केला, तेच हे हरिसाल. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी व्हिडिओ दाखवून त्या दाव्यांना आव्हान दिले होते. डिजिटल गावच जिथे वादात सापडते, तिथे आसपासच्या पाड्यांकडून ‘लाइव्ह लोकेशन’ मागणे धाडसाचेच.)

दुसरी अडचण हंगामाची. खरीप आटोपला की मेळघाटातली कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात आणि होळीला परततात. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. मधल्या काळात घराला कुलूप असते. जाणकार माणसाला त्यात वावगे काही वाटत नाही, यंत्राच्या तक्त्यात मात्र ‘घर बंद आढळले’ ही नोंद लाल रंगात येते.

तिसरी अडचण याहून विचित्र आहे, ती म्हणजे पत्त्यावरचे गावच उरलेले नसणे. व्याघ्र प्रकल्पातून बोरी, कोहा, कुंड या गावांचे पुनर्वसन या शतकाच्या सुरुवातीला झाले. नंतर वैराट, चुर्णी, अमोना, नागरतास, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी अशी बरीच गावे हलली. त्यातली अनेक कुटुंबे आता अकोला जिल्ह्यात अकोट आणि तेल्हारा तालुक्यांत आहेत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मगाव एक, आधारवर दुसरे. नकाशात पहिल्या गावाच्या जागी जंगल. फसवणूक करणारा माणूस नेमका असाच ‘न सापडणारा’ पत्ता देतो, म्हणून यंत्राला असे पत्ते संशयास्पद धरायला शिकवलेले असते.

जंगलातला गुन्हा पुण्यातल्या अहवालात कसा येतो?

खासगी कंपन्यांना पोलिसांच्या अंतर्गत नोंदी सहजासहजी उघड्या नसतात. त्यांचा मुख्य आधार सार्वजनिक नोंदी. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये ‘यूथ बार असोसिएशन’ प्रकरणात, संवेदनशील गुन्हे वगळता, एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश दिला. दुर्गम भागासाठी ही मुदत वाढवण्याची मुभा ठेवली. उद्देश आरोपीच्या हक्कांचे रक्षण हा होता, आपल्यावर काय आरोप आहे हे त्याला लगेच कळावे म्हणून. जिल्हा न्यायालयांतील खटल्यांची माहितीही ई-कोर्ट्स प्रकल्पामुळे नावावरून शोधता येते. या प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. नागरिकांसाठी उघडलेली ही दारे बॉटसाठीही उघडी झाली. माणूस दिवसाकाठी पाच-पन्नास नावे शोधेल, बॉट रात्रभर शोधत बसतो.

आता मेळघाटाचा विचार करा. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणे, गुरे चारणे, लाकूड आणणे हे भारतीय वन कायदा, १९२७ खाली गुन्हे आहेत. जंगलातच पिढ्या काढलेल्या माणसावर अशी एखादी केस होणे नवलाचे नाही. पुष्कळ प्रकरणे दंड घेऊन वन अधिकाऱ्याच्या पातळीवर मिटतात, ती न्यायालयात जातच नाहीत. जी जातात ती मात्र नोंदीत राहतात. पुनर्वसित गावकरी परत जंगलात गेल्यावर जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्यात आणि वन विभाग-पोलिसांत मोठा संघर्ष झाला, दोन्हीकडचे लोक जखमी झाले, गुन्हे दाखल झाले. अशा प्रकरणांत एका एफआयआरमध्ये अनेक नावे असतात.

पुण्यातल्या मनुष्यबळ विभागाच्या पडद्यावर यातले काहीच दिसत नाही. तिथे एक ओळ येते : ‘फौजदारी प्रकरण आढळले’. सरपण आणल्याची केस आणि घरफोडी यांत फरक करायचा, तर कलम वाचावे लागते, गुन्ह्याचा तपशील पाहावा लागतो, निकाल लागला का हे शोधावे लागते. शेकडो उमेदवार एकदम घेणारी कंपनी एवढे करत बसत नाही. पिवळा शेरा पडला की पुढचा उमेदवार घेते. नाकारलेल्याला कारणही कळत नाही, ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढेच तो ऐकत राहतो.

शासकीय नोकरीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २१ जुलै २०१६ रोजी ‘अवतार सिंग’ प्रकरणात याचा सविस्तर विचार केला आहे. उमेदवाराने खरी माहिती द्यावी. पण तरुण वयात घोषणा देण्यासारखी किंवा अशीच किरकोळ केस असेल, तर ती लपवली तरी मालकाने सारासार विचार करून ती माफ करावी, असे त्या निकालात म्हटले आहे. गुन्ह्याचे स्वरूप, पद कोणते, निर्दोष सुटका कशी झाली, हे सगळे बघायला सांगितले आहे. म्हणजे न्यायालयाला इथे विवेक अपेक्षित आहे. खासगी नोकऱ्यांना हा निकाल थेट बांधील नाही, आणि बॉटला विवेक नसतो.

यंत्राच्या हातून सुटणारेही असतात

चूक एकाच दिशेने होत नाही. वऱ्हाडाला जवळचे उदाहरण पूजा खेडकर प्रकरणाचे. पुण्याहून वाशीमला बदली झालेल्या या प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याची उमेदवारी केंद्रीय लोकसेवा आयोगाने ३१ जुलै २०२४ रोजी रद्द केली. परीक्षेच्या ठरलेल्या संधींपेक्षा अधिक वेळा त्या बसल्या, असे आयोगाचे म्हणणे. खेडकर यांनी आरोप फेटाळले असून प्रकरण न्यायालयात गेले. आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाचे आहे ते आयोगाचे स्पष्टीकरण. उमेदवाराने स्वतःचे नावच नव्हे, तर आई-वडिलांच्या नावातही बदल केल्यामुळे संधींची संख्या पकडता आली नाही, असे आयोगाने सांगितले. त्यानंतर आयोगाने २००९ ते २०२३ या काळातील पंधरा हजारांहून अधिक शिफारसप्राप्त उमेदवारांची माहिती तपासून पाहिली.

नावावर उभी असलेली तपासणी नाव बदलणाऱ्यासमोर थिटी पडते आणि नाव सारखे असणाऱ्याला नाहक धरते. यावर उपाय म्हणून बोटांचे ठसे आणि चेहरा ओळखण्याकडे ओढा आहे. पण मजुरीने झिजलेल्या बोटांचे ठसे रेशन दुकानातल्या यंत्रावर उमटत नाहीत, हा अनुभव खेड्यांत जुना आहे.

जुन्या पूर्वग्रहांचे काय?

‘पार्श्वभूमी तपासणी’ ही वऱ्हाडातल्या काही समाजांसाठी नवी गोष्ट नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, पण अमरावती-अकोल्यातल्या फासेपारध्यांना विचारा, चोरी कुठेही झाली तरी पोलीस आधी कुणाच्या बेड्यावर येतात. ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘अमानतुल्ला खान’ प्रकरणात, मागास आणि विमुक्त समाजातील निरपराधांची नावे पोलिसांच्या ‘हिस्ट्री शीट’मध्ये यांत्रिकपणे येतात, याची दखल घेतली आणि राज्यांना नियम तपासायला सांगितले. पुढे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगातील जातिभेदाबाबतच्या निकालातही विमुक्त जमातींच्या मनमानी अटकेविरुद्ध न्यायालय बोलले.

यंत्र जुन्या नोंदींवरून शिकते. ज्या वस्तीवर पोलीस जास्त गेले, तिथे नोंदी जास्त. जिथे नोंदी जास्त, तो पत्ता ‘जोखमीचा’. प्रोग्राममध्ये जातीचा रकाना नसला तरी आडनाव आणि पिनकोड तेच काम करू शकतात. पूर्वी हवालदाराचा पूर्वग्रह निदान दिसायचा, त्याच्याशी भांडता यायचे.

पोलीस तपासात काय बदलते आहे?

राज्याने मार्च २०२४ मध्ये नागपुरात ‘मार्वेल’ ही पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारी कंपनी स्थापन केली. तिच्या सहभागातून तयार झालेली ‘महाक्राइमओएस’ ही प्रणाली आधी नागपुरातील २३ ठाण्यांत वापरली गेली. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांच्या मुंबई दौऱ्यात ती राज्यातल्या १,१०० ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली. तक्रारीतला मजकूर वाचून प्रकरण तयार करणे, लागू कलमे सुचवणे, तपासाचे टप्पे आखून देणे, बँका व मोबाईल कंपन्यांना पाठवायची पत्रे तयार करणे, अशी कामे ती करते. सायबर फसवणुकीत पहिले काही तास महत्त्वाचे असतात, तिथे याचा उपयोग उघड आहे. मेळघाटातही वाघांच्या शिकारीची प्रकरणे २०१३ मध्ये उघड झाल्यानंतर वन विभागाने मोबाईल कॉलच्या नोंदी ताडून शिकाऱ्यांची साखळी शोधली होती. तांत्रिक तपासाचे महत्त्व इथल्या वनरक्षकाला सांगावे लागत नाही.

खासगी गुप्तहेरांची गोष्ट वेगळी. त्यांच्यावर नियंत्रणासाठी २००७ मध्ये राज्यसभेत विधेयक आले, त्याचा कायदा झाला नाही. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी कॉलच्या नोंदी बेकायदा मिळवून विकणाऱ्यांचे जाळे पकडले, त्यात खासगी गुप्तहेर होते. लग्नाआधीच्या चौकशीपासून भाडेकरूच्या चौकशीपर्यंत सगळे करणाऱ्या या धंद्याला आता बॉटही मिळाला आहे आणि परवान्याची अट अजूनही नाही.

कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार आहेत. त्यात उमेदवाराच्या कामाचे बरेच आहे. आपली कोणती माहिती वापरली हे विचारण्याचा आणि चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे. ज्या माहितीवरून व्यक्तीबद्दल निर्णय होणार, ती पूर्ण आणि अचूक असल्याची काळजी कंपनीने घ्यावी, असेही कलम ८ मध्ये म्हटले आहे. दंडाची मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत आहे.

पळवाटाही तितक्याच आहेत. रोजगाराच्या कारणासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची सवलत कलम ७ देते. ती अजून नोकरीवर न लागलेल्या उमेदवाराला लावायची का, यावर वकिलांत मतभेद आहेत. कायद्याने सार्वजनिक केलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. न्यायालयीन नोंदी त्यात धरल्या, तर बॉट ज्या ठिकाणी सर्वाधिक चुकतो, नेमके तिथेच संरक्षण नाही. आणि निव्वळ यंत्राने दिलेला निर्णय नाकारून ‘माणसाकडून पुन्हा बघा’ असे म्हणण्याचा युरोपातल्यासारखा हक्क आपल्या कायद्यात नाही. अमेरिकेत एक साधा नियम आहे : अहवालावरून नोकरी नाकारायची असेल, तर आधी त्या अहवालाची प्रत उमेदवाराला द्या. आपल्याकडे एवढी एक गोष्ट आली तरी पुष्कळ चुका पहिल्याच पायरीवर निस्तरतील, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ‘हा मी नव्हे’ हे सांगायला तो तरुण तयारच असतो, त्याला विचारले जात नाही एवढेच.

कुणाचे काम जाणार?

तालुक्याच्या गावांत मोटारसायकलवर फिरून प्रति-केस पैसे घेणाऱ्या पडताळणी प्रतिनिधींचे काम आधी कमी होईल. शहरांतल्या कॉल सेंटरमधून जुन्या मालकांना फोन लावणाऱ्यांचेही. उरेल ते काम अडलेल्या प्रकरणांचे, म्हणजे जिथे नाव जुळत नाही, गाव हलले आहे, नोंद अर्धवट आहे तिथले. अशा कामाला स्थानिक भाषा, स्थानिक माणसे आणि वेळ लागतो. कंपन्या त्यासाठी पैसे मोजतील का, हा प्रश्न आहे. पोलीस पाटलाचे पद महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ खाली आजही आहे. एकाच नावाच्या तिघांपैकी कोण कोणता, हे त्याला फोनवर सांगता येते. कुठल्याही कंपनीच्या तक्त्यात मात्र त्याच्यासाठी रकाना नाही.

उमेदवाराने आत्ता काय करावे?

नोकरीचा अर्ज करण्याआधी आधार, पॅन, बँक पासबुक आणि गुणपत्रिका समोर ठेवून नावाची स्पेलिंग अक्षर-अक्षर ताडावी आणि आधारमध्ये दुरुस्ती करून घ्यावी. बाकीची कागदपत्रे मग त्याप्रमाणे करता येतात. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर स्वतःच्या नावाने, वेगवेगळ्या स्पेलिंगने, अमरावती जिल्ह्यातील न्यायालये निवडून एकदा शोध घ्यावा. आपल्या नावाचा दुसरा कुणी सापडला, तर त्या खटल्याचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टिपून ठेवावा, म्हणजे पुढे ‘हा मी नव्हे’ म्हणताना हाताशी राहतो. स्वतःवर जुनी वनगुन्ह्याची केस असेल, तर दंड भरल्याची पावती किंवा निकालाची प्रमाणित प्रत काढून ठेवावी. अर्जात विचारले असेल तर ती लपवू नये. पुनर्वसित गावातल्या मुलांनी पुनर्वसनाचा शासकीय कागद सोबत जोडावा. पत्ता पडताळणीची लिंक आली आणि गावात रेंज नसेल, तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल किंवा मेसेजने तसे लेखी कळवावे, आणि नाकारले गेल्यास पडताळणी अहवालाची प्रत लेखीच मागावी. बहुतेक अहवालांवर तपासणी करणाऱ्या कंपनीचे नाव आणि तक्रारीचा ईमेल पत्ता छापलेला असतो.